सिंगलमधला एक शब्द

आमचा रॉक बँड होता असं मी आता कुणाला सांगितलं की समोरचा आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग "हो का?" म्हणतो. होता. चौघांचा होता, नाशिकचा होता आणि मराठीत गायचा. इंग्रजी गाणी वाजवणारे शहरात दोन-तीन बँड होते. त्यांचे केस आमच्यापेक्षा लांब होते आणि गिटारी आमच्यापेक्षा भारी. आम्ही मराठीत गायचो त्यामागे काही थोर विचार वगैरे नव्हता. आमच्या गायकाला इंग्रजी जमायचं नाही, एवढंच. आणि गळा फक्त त्याच्याकडे होता. बाकी आम्ही तिघं नुसते वाजवणारे.

मी ड्रम बडवायचो आणि गाण्यांचे शब्द लिहायचो. चाली गिटारवाला लावायचा. बास वाजवणारा मुळात कमी बोलायचा आणि या गोष्टीत त्याचं काही काम नाही, तेव्हा त्याला सोडून देऊ. शब्द माझ्याकडे आले कारण माझी आई शाळेत मराठी शिकवायची. घरी आल्यावरही तिचं शिकवणं थांबायचं नाही. आमच्या घरात कुणी पाहुणा "पानी द्या" म्हणाला तर आई पाणी द्यायची, पण तो गेल्यावर दहा मिनिटं त्या न आणि ण वर जायची. मला त्याचा वैताग यायचा, आणि तरी मी पुरता तिच्यावरच गेलो होतो.

गायक दिंडोरीकडच्या एका गावातला. घरची द्राक्षबाग, वडील त्यातच दिवसरात्र. हा रोज एसटीनं गंगापूर रोडच्या कॉलेजात यायचा, माझ्याच वर्गात. पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं करून ओळख सांगायला लावली. हा उभा राहिला आणि म्हणाला, "मी दिंडोरीकडचा हाय." मागच्या बाकांवरून लगेच आवाज आला, "हाय! हॅलो! हाऊ आर यू?" अख्खा वर्ग हसला. सरही हसले. मागच्या बाकावर मी होतो, आणि हॅलो म्हणणाऱ्यांत माझाही आवाज होता. हे मी लपवत नाही. एकोणीस वर्षांचा पोरगा होतो, अक्कल नावाची गोष्ट अजून आलेली नव्हती.

तो वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हता. हजेरीलाही नुसता हात वर. मग पुढच्या वर्षी गॅदरिंगला त्यानं गायलं आणि सभागृह गप्प झालं. आमच्या गिटारवाल्यानं त्याला स्टेजच्या मागेच गाठलं, मी पाठोपाठ गेलो. मी आधी माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे ना. गाताना कोनी हसत नाय, बघितलं ना?" तिथून पुढे आमची दोस्ती. मला तो मनापासून आवडायचा. सरळ होता, वेळेवर यायचा, आणि त्याच्या डब्यातली भाकरी आम्ही तिघं संपवायचो तरी कधी कुरकुरला नाही.

दोन हजार साल उलटून गेल्यावर आम्ही ठरवलं की आता सीडी काढायची. आठ गाणी काढायची ऐपत नव्हती, मग एकच. गिटारवाल्यानं कुठंतरी वाचलं होतं की परदेशात बँड आधी सिंगल काढतात. आम्हाला शब्द आवडला. जो भेटेल त्याला "सिंगल काढतोय" सांगायला लागलो. माझा मामा म्हणाला, "सिंगल काय काढता, लग्नं करा आता."

गाणं साधं होतं. कुणीतरी दूर गेलंय, आणि गाणारा त्याला सांगतोय की तू कधीही हाक मार, मी आहे तिथंच आहे. ध्रुवपदाची शेवटची ओळ मी लिहिली होती: "हाक मार कुठूनही, मी इथेच आहे." गिटारवाल्यानं त्यात एक गंमत केली. "मी इथेच" झालं की सगळी वाद्यं एकदम बंद. तेवढा एक शेवटचा शब्द एकट्या गळ्यातून यायचा, आणि त्याच्या पाठीवर माझा ड्रम सुरू व्हायचा.

प्रॅक्टिसच्या पहिल्याच दिवशी गायकानं तो शब्द "हाय" असा घेतला.

मी काठ्या खाली ठेवल्या. "आहे," मी म्हणालो.

"तेच की," तो म्हणाला.

गिटारवाला म्हणाला, "थांब, थांब. परत घे." परत घेतलं. खरं सांगायचं तर ते इतकं चपखल बसलं होतं की माझ्या अंगावर काटा आला. "आहे"चे दोन तुकडे पडायचे आणि माझा पाय "हे"वर आपटायचा. "हाय" एका श्वासात लांब जायचं, आणि ते संपतंय तिथं ड्रमला बरोबर दार उघडं मिळायचं. ड्रम वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, पायाला कळतं. मला कळलं होतं. पण मी म्हणालो, "लोक काय म्हणतील? हे मराठी आहे का?"

तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याशी चढ्या आवाजात बोलला. "मंग काय हाय? आमच्या घरात काय जर्मन बोलतात?" आणि मग जरा शांत होऊन, "हे बघ, बाकी गान्यात तू म्हनशील तसं बोलतो. एवढा एक शब्द माझा राहू दे. एकदा हे सीडीवर आलं ना, मंग मला कुठं बी उभं करा, मी तोंड उघडीन. मला दुसरं काय नको."

गिटारवाला त्याच्या बाजूनं झाला. मी "ठीक आहे" म्हणालो. दोन महिने "हाय"वरच प्रॅक्टिस झाली.

स्टुडिओ नाशिकच्याच द्वारका चौकात होता, टायरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक रेकॉर्डिस्ट. तो मुख्यतः भजनं, साडीच्या दुकानांच्या जाहिराती आणि रिक्षावरून फिरवायची अनाउन्समेंट रेकॉर्ड करायचा. ड्रमसेट जिन्यातून वर चढताना बघून म्हणाला, "हे सगळं एका गाण्यासाठी?" खाली ट्रकचा हॉर्न वाजला की टेक वाया. एसटीच्या वेळा त्याला पाठ होत्या. "आता पाच मिनिटं शांत आहे, मारा," असं सांगायचा आणि आम्ही मारायचो.

पहिला दिवस वाद्यांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गायक उभा राहिला. डोळे मिटले, आणि तिसऱ्या टेकला गाणं झालं. ते "हाय" असं आलं की रेकॉर्डिस्टनं कानावरचा हेडफोन काढून आमच्याकडे बघितलं. म्हणाला, "याला हात लावू नका."

मी मात्र म्हणालो, "एक टेक 'आहे'चा पण घेऊन ठेवू. असू दे आपलं जवळ."

गायकानं माझ्याकडे बघितलं, पण घेतला. शाळेत इन्स्पेक्टरसमोर उत्तर द्यावं तसा तो शब्द आला: "आ-हे." आम्ही सगळे हसलो, तोही हसला. "बघ," म्हणाला, "नाय जमत." मग घड्याळ बघून निघाला. आभाळ भरलं होतं आणि बागेवर डावणीचं औषध त्या दिवशीच मारायला हवं होतं. हा रोग एकदा पानावर आला की घड हातचे जातात, तेव्हा वडिलांनी दुपारच्या गाडीनं ये म्हणून बजावलं होतं. जाताना मला म्हणाला, "हायच ठेवायचं बरं का." मी म्हणालो, "अरे हो."

गिटारवाला आणि बासवाला जेवायला गेले. मी रेकॉर्डिस्टजवळ बसलो, मिक्सिंग चाललं होतं. तो शब्द पुन्हा पुन्हा येत होता, एकटा, उघडा. प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यासमोर आई यायची. सीडीच्या कव्हरवर शब्दकार म्हणून माझं नाव होतं. आई ती ओळ ऐकणार, तिच्या शाळेतल्या बाया ऐकणार, आणि सगळ्यांना वाटणार की हे मी लिहिलंय. याच्यापलीकडे माझ्याकडे काही कारण नव्हतं. आज लिहिताना ते इतकं बारकं दिसतं की माझं मलाच हसू येतं. तेव्हा ते डोंगराएवढं होतं.

मी रेकॉर्डिस्टला विचारलं, "त्याचा 'आहे' बसवता येईल का?"

"तो कसला बसतोय. मेलेला आहे तो." मग सहज म्हणाला, "तुम्हीच बोला ना. एकच शब्द तर आहे. थोडा इको टाकला की कुणाचा कोण, काही कळत नाही."

मी आत गेलो आणि बोललो. चार वेळा. मी गात नाही, पण एक शब्द कुणीही सुरात म्हणू शकतो. त्यानं माझा "आहे" माउसनं ओढून जरा आखूड केला, गायकाच्या "इथेच"ला चिकटवला आणि इको टाकला. दहा मिनिटांत काम झालं. गिटारवाला जेवून आला, त्याला ऐकवलं. त्यानं तोंड वाकडं केलं. "त्याला विचारलंस?" मी म्हणालो, सांगतो नंतर. "बघ बाबा," म्हणून तो गप्प बसला. मला अडवलं असतं तर बरं झालं असतं, पण माझ्या उद्योगाचं खापर त्याच्या डोक्यावर कशाला फोडू.

सांगतो म्हणालो ते सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. मग सीडी छापून आल्या.

प्रकाशन गंगापूर रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये झालं. रॉक बँडची सीडी, पण नाशिकमध्ये काहीही प्रकाशित करायचं तर दीपप्रज्वलन, श्रीफळ, शाल आणि प्रमुख पाहुणे यांच्यातून सुटका नसते. आम्ही काळे टी-शर्ट घालून समईभोवती उभे. चकचकीत कागदात बांधलेल्या पाच सीडी तबकात ठेवलेल्या. पाहुण्यांनी कागद सोडला, सीडी छातीशी धरून फोटो काढला आणि भाषणात म्हणाले, "तरुण मुलं रॉक संगीत करतात, पण भाषा किती शुद्ध!" आई पहिल्या रांगेत होती. तिनं मान डोलावली. मला जे हवं होतं ते सगळं मला त्या पाच मिनिटांत मिळालं, आणि मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

मग सीडी लावली. हॉलचे स्पीकर फाटके, मागे खुर्च्यांचे आवाज, पोरांच्या शिट्ट्या. ध्रुवपद आलं आणि गेलं. गायक माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. कानाशी वाकून म्हणाला, "ते शेवटी मीच हाय ना?"

"तूच आहेस," मी म्हणालो. "इको टाकलाय, म्हणून तसं वाटतंय. तुझा 'आहे'चा टेक घेतला शेवटी. 'हाय'वाल्यात हॉर्न आला होता."

किती पटकन सुचलं, बघा. त्यानं एकदा स्पीकरकडे बघितलं. मग म्हणाला, "हॉर्नला काय करनार," आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

नंतर आम्ही तेच गाणं स्टेजवर वाजवलं. त्यानं "हाय" म्हटलं, पूर्वीसारखंच, आणि गावाकडनं आलेल्या त्याच्या मित्रांनी मागून आरोळी ठोकली. हॉलभर कुणी हसलं नाही. मी ड्रमच्या मागे होतो. दार बरोबर उघडं मिळालं.

सीडी खपवायचं काम मजेशीर होतं. दुकानदार उलटीपालटी करून विचारायचे, "एकच गाणं? मग बाकीची सीडी रिकामी का?" सिंगल म्हणजे काय हे सांगता सांगता आमच्या नाकी नऊ आले. एकानं सल्ला दिला की तेच गाणं आठ वेळा टाका, गिऱ्हाईकाला बरं वाटतं. दोघा-तिघांनी ठेवून घेतल्या. स्थानिक केबलवाल्यानं दुपारी एकदा वाजवली.

आठवड्याभरानं मी गायकाच्या गावी गेलो. त्याला पंचवीस सीडी हव्या होत्या, मामाच्या गावी वाटायला. बाहेर बागेत ट्रॅक्टरवर फवारणी चालली होती, त्याचे वडील नुकतेच हातपाय धुऊन आत आले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो, तो आबा म्हणायचा. त्यांनी गाणं अजून ऐकलं नव्हतं. प्रकाशनाला बाग सोडून येता आलं नव्हतं. घरात नवा व्हीसीडी प्लेअर होता. गायकानं टीव्ही लावला, प्रकाशनात मिळालेली त्याची सीडी सरकवली. निळ्या पडद्यावर नुसता एक आकडा. काका पलंगावर मांडी घालून बसले, त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

ध्रुवपद झालं. काकांनी हात वर केला. "थांबव. ह्ये कोन?"

"कोन म्हंजे? मीच हाय, आबा."

"आदी तू हाय. शेवटाला तू नाय. परत लाव."

परत लावलं. घर शांत होतं. ना शिट्ट्या, ना खुर्च्या. "मी इथेच" आलं, वाद्यं थांबली, आणि त्या खोलीत माझा आवाज ऐकू आला. इतका स्पष्ट की मला कळेना हॉलमधल्या दोनशे माणसांना तो ऐकू कसा आला नाही. लेकराचा आवाज पंचवीस वर्षं ऐकलेल्या माणसाला इको घालून फसवता येत नाही, एवढं साधं ते होतं.

गायकानं माझ्याकडे बघितलं. "इको?"

मी सांगून टाकलं. तो शब्द मी बोललो हे सांगितलं. हॉर्न आला नव्हता हेही सांगितलं.

काका मला कधी अरेतुरे करत नसत. म्हणाले, "तुमी शिकलेली मान्सं. तुमाला बरोबर नसंल वाटलं. पन पोराला इचारायचं व्हतं."

"चुकलं काका," मी म्हणालो. मला लाज वाटत होती, आणि ती लपवायला त्या खोलीत जागा नव्हती.

गायक चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे विचारलं, "माझं कुठंय?"

"काय?"

"मी बोललेलं. ते कॉम्प्युटरवर असंल ना? परत करू ना मंग, तेवढंच."

रेकॉर्डिस्टची एक पद्धत होती. काम झालं की तो कॉम्प्युटर साफ करायचा, पुढच्या भजनाला जागा लागायची. "पुसलं," मी म्हणालो.

"त्यानं न इचारता पुसलं?"

इथंही मला हो म्हणता आलं असतं. रेकॉर्डिस्ट काही तिथं नव्हता. पण एकदा खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जीभ रेटेना. "विचारलं होतं," मी म्हणालो. "जुना शब्द ठेवू का म्हणून. मी नको म्हणालो."

दारातून त्याची आई आत निघून गेली. भांड्याचा आवाज आला, तो चहाचा होता. चहा दिल्याशिवाय ते घर कुणाला सोडत नव्हतं. काका पलंगावरून उठून खिडकीपाशी गेले आणि फवारणीवाल्याला काहीतरी ओरडून सांगायला लागले.

गायक खाली बसून प्लेअरचं बटण दाबत होता. त्यानं सीडी बाहेर काढली, टी-शर्टला पुसली आणि कव्हरमध्ये नीट बसवली. पंचवीसची पिशवी त्यानं उघडलीही नव्हती. तिच्यात ही वरून ठेवली आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

"घे," तो म्हणाला. "तुझी हाय ही."

मी घेतली.